दूध उशिरा आलं तर

प्रिय मंजू,

गरोदरपणात मधुमेह निघाल्याचा तुझा मेसेज रात्री अकराला वाचला. "माझ्या खाण्यामुळेच झालं ना?" हा एकच प्रश्न, तोही तीनदा. नाही गं बाई. वारेतून सुटणाऱ्या हॉर्मोन्समुळे सगळ्याच गरोदर बायकांत इन्सुलिनचा असर कमी होतो, म्हणून स्वादुपिंडाला ते जास्त बनवावं लागतं. जिच्या स्वादुपिंडाला जास्तीचं काम झेपत नाही, तिची साखर चढते. म्हणून तर 24 ते 28 आठवड्यांत तपासतात. त्यात आपण भारतीय वंशाच्या. इथे अमेरिकेत वंशवार आकडे मांडले की आपण वरच्या रांगेत असतो, अगदी शेलाट्या बांध्याच्या बायकासुद्धा.

पण मला सांगायचंय ते दुधाचं. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. दूध तयार व्हायलाही इन्सुलिन लागतं, त्यामुळे आपल्यासारख्यांना पान्हा उशिरा फुटू शकतो, तीन दिवस उलटूनही. तोवर चीक असतो, थेंब थेंब. माझ्या लेकीच्या टाचेला दर थोड्या तासांनी सुई टोचत होते, साखर उतरली का बघायला. मी चमच्यात चीक काढायचे. चमच्याचा तळही झाकायचा नाही. तो तिच्या ओठांना लावला की ती जीभ बाहेर काढायची, मांजरीच्या पिल्लासारखी. दुसऱ्या रात्री मी ढसाढसा रडले.

नर्सला मदत मागितली तर म्हणाली, "तुमच्या घरी आई असेल ना, ती दाखवेल." माझी आई व्हिसासाठी ताटकळत होती! शेजारच्या खाटेवर एक कृष्णवर्णीय मुलगी होती, तिलाही माझ्यासारखीच साखर. तिला कुणी काही विचारलंच नाही, सरळ बाटली आणून ठेवली. मग म्हणायचं, त्यांच्यात अंगावर पाजण्याचं प्रमाण कमी! ती बाटली माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

चौथ्या दिवशी दूध आलं. स्तनपानाच्या सल्लागार बाईंनी दोनदा बाळाची पकड सुधारून दिली, एवढंच. तू आधीच सांगून ठेव, पहिल्या तासातच बाळाला छातीशी द्या म्हणून. छत्तिसाव्या आठवड्यानंतर हाताने चीक काढून ठेवता येईल का, तेही डॉक्टरांना विचार. वरचं दूध थोडं द्यावं लागलं तर द्यायचं, त्यात पाप नाही.

पाजण्याचा तुलाही फायदा आहे. उत्तर कॅलिफोर्नियात अशा 1,035 बायकांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं होतं, हिस्पॅनिक, आशियाई, कृष्णवर्णीय, गोऱ्या, सगळ्या. 2015 मध्ये निष्कर्ष आला: ज्या जास्त आणि जास्त महिने पाजत होत्या, त्यांच्यात पुढे कायमचा मधुमेह होण्याचं प्रमाण बरंच कमी, पूर्ण अंगावर पाजणाऱ्यांत तर जवळजवळ निम्मं. दूध करायला शरीर रक्तातलीच साखर वापरतं, हे एक कारण. अर्थात ज्यांची तब्येत मुळात बरी, त्यांनाच जास्त दिवस पाजणं जमलं असेल, असंही मला वाटतं. तेव्हा याला ताईत समजू नकोस.

आणि बाळंतपणानंतर 4 ते 12 आठवड्यांत 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन करतात ती साखरेची तपासणी करायची. मी आठ महिने टाळली. झोप नाही, वेळ नाही, आणि खरं सांगू, भीती. तू तारीख आत्ताच लिहून ठेव. दोन तास बसावं लागतं, बाळाला बरोबर ने. मी फोनवर असेन.

तुझीच,
नंदा