पेजेचं कूपन

टेक्सास, १८ सप्टेंबर २००५

प्रिय सुध्या,

गणपतीच्या आधी लिहितो म्हणालो होतो, नाही जमलं, रागावू नकोस. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू आहे. पण परवा ऑफिसात मेसच्या काकांची पेज आठवली, आणि हे तुझ्याशिवाय कोणाला सांगणार?

अरे, आमच्या आर्मी हॉस्पिटलचं बजेट इतकी वर्षं सरळ होतं, गेल्या वर्षीचा आकडा घ्यायचा, महागाईचं थोडं वर टाकायचं, झालं. आता जेवढं काम तेवढा पैसा. दाखल पेशंटला आजाराप्रमाणे कमीजास्त पॉइंट, ओपीडीत प्रत्येक व्हिजिटला पॉइंट. १ ऑक्टोबरला नवीन आर्थिक वर्ष लागतंय आणि हे सगळं बसवायचं माझ्याकडे आलंय. म्हणजे मेसमधली तुझीच कूपन पद्धत, जेवढी कूपनं तेवढे पैसे! हॉस्टेलात त्यावरून आपण पंधरा दिवस बोललो नव्हतो, आठवतंय ना? एक मान्य करतो, जुन्या पद्धतीत कोण राबतंय आणि कोण बसून आहे ते कळतच नव्हतं. तिथे तू बरोबर होतास.

डॉक्टर मन लावून तपासतात आणि व्हिजिटचा कोड टाकताना सवयीने ९९२१३, म्हणजे साध्या तपासणीचा, टाकून मोकळे होतात, ०.६७ पॉइंट. खरंच जास्त काम झालेलं असेल आणि नीट लिहिलं तर तो वरचा कोड, ९९२१४, म्हणजे १.१०. रोज संध्याकाळी मी चार्ट घेऊन त्यांच्या मागे. ते जमेल रे. दोन सर्जन इराकच्या युद्धावर गेले की पॉइंट कमी होणार, त्याचंही पत्र वर पाठवलंय.

पण आमची एक नर्स आहे, डायबेटिसवाल्या रिटायर्ड सैनिकांना दुपारी फोन करते, वहीत प्रत्येकाची शुगर पेन्सिलने लिहिलेली, बायको गेलेल्यांच्या नावापुढे छोटी फुली, त्यांच्याशी जरा जास्त बोलायचं म्हणून. त्या फोनला पॉइंट शून्य. तोच म्हातारा शुगर वाढून ॲडमिट झाला की आम्हाला पैसे! परवा तिने विचारलं, फोन बंद करू का? मला बोलताच येईना. कूपन आल्यावर काकांनी आजारी पोरांच्या खोलीवर पेज पाठवणं बंद केलं होतं, कारण पेजेचं कूपनच नव्हतं.

मी तिला म्हटलं चालू ठेव, कर्नलसाहेबांशी मी बोलतो. सोमवारी मीटिंग आहे.

पिंकीचं ॲडमिशन झालं का? वहिनींना नमस्कार, घराचं काम कुठवर आलं ते कळव.

आणि हे आधी सांग, नंतर पेज परत सुरू झाली होती, तिचा खर्च आपण कुठल्या खात्यात टाकायचो? रजिस्टर तुझ्याकडे असायचं.

तुझा,
बंड्या