पेंटवर जाऊ नका, जुना ट्रेलर थंड इंजिनावर बघा

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या निपाणी-चिकोडी भागात दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हरकी करून वैतागलेली पोरं आता स्वतःचा जुना ट्रेलर घ्यायला लागलीत, चांगलंच आहे, पण बघायला गेली की नवीन पेंट, केबिनमधली झालर आणि म्युझिक सिस्टीम बघूनच बयाणा देऊन मोकळी होतात. अहो, गाडी सकाळी थंड इंजिनावर चालू करायला लावा, आधीच गरम करून ठेवली असेल तर काहीतरी लपवतायत समजा. चालू इंजिनात ऑइलचं झाकण काढलं की भकाभका धूर येतो का बघा, येत असेल तर इंजिनाचं मोठं काम निघालंय समजा. चेसिसला वेल्डिंग, फिफ्थ व्हीलचा (ट्रेलर जिथं पुढच्या गाडीला जोडतात त्या प्लेटचा) ढिलेपणा, रिमोल्ड म्हणजे जुन्यावर नवीन रबर चढवलेले टायर, हे सगळं आपल्या मेस्त्रीला नेऊन बघायचं, विकणाऱ्याच्या नव्हे. आणि एप्रिल २०२० नंतरची बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नवीन नियमांची गाडी असेल तर धूर साफ करणाऱ्या युरियाच्या सिस्टीमला कुणी हात लावलाय का तेही.

आता आम्हा कर्नाटक-महाराष्ट्र बॉर्डरवाल्यांची खरी डोकेदुखी. कोल्हापूरची एमएच-०९ गाडी स्वस्त पडते म्हणून आणायची आणि मग तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), फायनान्सचा बोजा, थकलेली चलनं, इकडचा टॅक्स, चिकोडीचा केए-२३ नंबर, यातच गाडी दारात उभी, हप्ता काय थांबत नाही. त्यात मल्टिॲक्सल म्हणजे दोनपेक्षा जास्त ॲक्सलच्या गाडीला देशभर माल न्यायचं नॅशनल परमिट १५ वर्षांपर्यंतच, मग तेरा वर्षांची गाडी घेऊन बेंगळुरू-मुंबई लाइन किती दिवस मारणार?

दोन्हीकडच्या आरटीओंनी एनओसीची माहिती कन्नड आणि मराठीत बाहेर बोर्डावर लावली तर एजंटांच्या मागं फिरणं तरी वाचेल.

– एक ट्रकवाला, निपाणी