राजीनाम्याबद्दल दोघांना, गोंगाटाबद्दल बाबांना

ती. आई आणि ती. बाबांना,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबा, तुम्ही 'बरं' म्हणून फोन तिच्याकडे दिला असता. म्हणून लिहितेय. मी नोकरी सोडली. राजीनामा मंजूरही झालाय. वर्षभर पुरेल एवढी शिल्लक वेगळी ठेवलीय, विम्याचा हप्ता भरलाय, जेवण-झोप वेळेवर आहे. दादाच्या वेळचं सगळं माझ्या लक्षात आहे. तसं होणार नाही.

आता पूर्णवेळ आवाजांचंच काम. मावशीने 'म्हणजे गाणं का?' विचारलं तर नाही म्हणा. पाण्याचा पंप, लिफ्टचं दार, पन्हाळीतून गळणारं पाणी, असले आवाज मी रेकॉर्ड करते आणि एखाद्या दालनात असे मांडते की येणारा थांबून ऐकतो. हे खूळ माझ्या एकटीचं नाही हो. पिएर शेफर या फ्रेंच संगीतकाराने १९४८ मध्येच आगगाड्यांच्या आवाजांतून रचना केली होती. आणि बाबा, हे तुम्हाला पटेल: २००६ मध्ये बिल फोंटाना या ध्वनिकलाकाराने लंडनच्या मिलेनियम पुलावर सेन्सर बसवले आणि पुलाची थरथर टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या टर्बाइन हॉलमध्ये ऐकवली. तुम्ही जन्मभर पूल बांधलेत, एकदा तरी कान लावलात का?

कानावरून आठवलं. तुमचं ऐकायचं यंत्र ड्रॉवरमध्ये पडलंय म्हणे, 'नुसता गोंगाट येतो' म्हणून. येणारच! वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ निसटतात आणि सगळे पुटपुटतायत असं वाटतं. यंत्र लावलं की वर्तमानपत्राची सळसळ, नळ, भांडी सगळं एकदम परत येतं. त्यातलं काय बाजूला ठेवायचं हे मेंदू पुन्हा शिकतो, त्याला काही आठवडे लागतात. त्या गोंगाटाला नावं ठेवू नका, यापुढे माझं पोट त्याच्यावरच आहे.

वीज कडाडली की तुम्ही माझे कान झाकायचात, तरी गडगडाट तुमच्या तळव्यांतून यायचाच. तेवढ्याने भीती जायची. नव्या कामात एक लाकडी बाक आहे. त्याच्या फळीखाली एक्सायटर बसवलाय, म्हणजे फळीच स्पीकर होते. हात टेकला की पंप तळव्याला कळतो. तिथे तुम्हाला यंत्राशिवायही समजेल. तरी लावूनच यायचं.

रोज थोडा वेळ, आधी शांत खोलीत. आंघोळीला काढायचं, रात्री सेलचं झाकण उघडं ठेवायचं. आई, स्वयंपाकघरातून ओरडू नकोस, समोर जाऊन बोल. आणि तुझी बीपीची गोळी मी फोनवर विचारेपर्यंत थांबत नाही, कळलं? यंत्र टोचत असेल तर ऑडिओलॉजिस्टकडून नीट बसवून घ्या. बाबा, स्क्रूड्रायव्हर काढायचा नाही. टेपरेकॉर्डरचं काय झालं होतं ते आईला विचारा.

तुमची,
छकुली