गायरान आणि शेजारचा प्लॉट

कोथरूड, पुणे

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

गायरानावर सौर प्रकल्प नको म्हणून तू ग्रामसभेत उभा राहिलास आणि तालुक्यात तुम्हाला विकासाचे विरोधक ठरवलं गेलं, हे वाचून फार राग आला. शिरूरच्या उसात बिबटे, आणि मोटारीची लाईट रात्रीची. बॅटरी घेऊन पिकाला पाण्याची दारं धरायला जाणारा माणूस दिवसाची वीज कशाला नाकारेल? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना तर त्याच विजेसाठी आहे. तुमचं भांडण जागेशी आहे, आणि ते खरं आहे.

खासगी जमिनीला या योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे, दरवर्षी ३ टक्के वाढीसह. सरकारी जमीन नाममात्र भाड्यानं मिळते, म्हणून नजर आधी गायरानावर जाते. कागदावर ती पडीकच. कुणाच्या शेळ्या तिथं चरतात, मेंढरं कुठल्या वाटेनं पाण्यावर जातात, याला सातबाऱ्यावर रकाना नाही. ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल ५ लाख मिळतील, पण ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्यानं शेळ्या कुठं न्यायच्या? शिवाय पर्यावरण परवानगीच्या २००६ च्या अधिसूचनेत सौर आणि पवन प्रकल्प येतच नाहीत, त्यामुळे त्याखालची जनसुनावणीही नाही. लोकांनी बोलायचं ते ग्रामसभेतच. तिथं बोललास, चांगलं केलंस. मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर १९२१ मध्ये सत्याग्रह केला, तोही वीज प्रकल्पाच्या धरणासाठीच जमिनी जात होत्या म्हणून. वीज मुंबईला जाणार होती आणि गावं इथली बुडणार होती. तेव्हाही त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आता इकडचं ऐक. आमच्या सोसायटीला लागून मोठा प्लॉट आहे, तिथं टॉवर येतोय. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर २० टक्के बांधकाम लहान घरांसाठी ठेवावं लागतं. साधारण ३० ते ५० चौरस मीटरची ही घरं म्हाडाच्या सोडतीतून जातात. हे कळल्यावर सोसायटीत तातडीची सभा झाली. हरकतीचा अर्ज तयारच होता: पाणी, पार्किंग, सुरक्षितता, आणि शेवटी ‘परिसराचा दर्जा’.

पाण्याची काळजी खोटी नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून साठा साधारण २९ टीएमसी; त्यातून शेतीलाही द्यायचं. २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३. उन्हाळ्यात आमच्याही गेटवर टँकर असतो. पण दत्ता, अर्जात त्या मोठ्या ८० टक्के फ्लॅटांबद्दल अवाक्षर नव्हतं. तीन-तीन बाथरूमच्या घरांना पाणी पुरेल आणि नर्सच्या, रिक्षावाल्याच्या घराला पुरणार नाही, हे कुठलं गणित? मी सभेत हेच विचारलं. पाण्यासाठी हरकत घ्यायची तर सगळ्या इमारतीवर घ्या, सांडपाणी प्रक्रियेची आणि टाक्यांची अट मागा, मी पहिली सही करतो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक काका म्हणाले, ‘‘आपल्या मुलांचा विचार कर.’’

मला तेव्हा सासरे आठवले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा त्यांचं नारायण पेठेतलं बिऱ्हाड वाहून गेलं. लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर या वसाहतींत पूरग्रस्तांना घरं मिळाली म्हणून ही माणसं पुण्यात टिकली. सभेतल्या निम्म्या घरांचा इतिहास थोड्याफार फरकानं असाच आहे. आमची इमारतही एका शेतावरच उभी आहे.

तुमच्या गावातला ‘नको’ आणि आमच्या सोसायटीतला ‘नको’ मी एका मापानं मोजू शकत नाही. तुमच्याकडे माणसाचं पोट जातंय. आमच्याकडे जातेय ती बाल्कनीतून दिसणारी मोकळी जागा. तिचं दुःख होतं, मलाही होईल, पण तेवढ्यासाठी कुणाचं घर अडवायचं नाही. अर्जावर मी सही केली नाही. या घरांच्या बाजूनं वेगळं पत्र महापालिकेला देतोय. तिघांनी सही करतो म्हणून सांगितलंय.

गच्चीवर सोलर बसवायचा विषयही मी लावून धरलाय. केंद्राच्या योजनेत सोसायटीच्या सामायिक विजेसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. वरच्या मजल्यावरचे गळतीला घाबरतात. त्यांचं म्हणणं रास्त आहे, आधी वॉटरप्रूफिंग करून घेऊ. शहराच्या गच्च्या रिकाम्या ठेवून तुमच्या गायरानाकडे बोट दाखवणं मला पटत नाही.

एक सुचवतो. ठरावात नुसता विरोध लिहू नका. वीज उपकेंद्राजवळची स्वतःची पडीक जमीन भाड्यानं द्यायला जे शेतकरी तयार आहेत, त्यांचे गट नंबर त्यात घाला. गायरानाचा काही भाग द्यावाच लागला तर मेंढरांची वाट आणि पाणवठा मोकळा राहील, हे नकाशासह लिहून घ्या. ठरावाची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, माझ्या ओळखीच्या एका वकिलांना दाखवतो. पुढची ग्रामसभा कधी आहे तेही कळव, रविवार असेल तर मी येतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश