पाणी वाचवायचे तर गाडी पुसण्याचे कापड पारखून घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा तोंडावर आला की बहुतेक वृत्तपत्रांतून पाणीबचतीच्या सूचना प्रसिद्ध होतात आणि त्यांत ‘गाडी नळीने न धुता बादलीभर पाण्यात ओल्या फडक्याने पुसावी’ ही सूचना हमखास असते. तिच्यामागचा हेतू रास्तच आहे. बागेची साधी नळी मिनिटाला १० ते १५ लिटर पाणी सहज सोडते, त्यामुळे दहा मिनिटांत शंभर लिटरच्या पुढे पाणी गटारात जाते. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुणाऱ्यांना ५,००० रुपये दंड जाहीर केला होता, आणि टँकरवर अवलंबून असलेल्या पुण्याच्या उपनगरांतील सोसायट्यांना तसा निर्णय फार दूरचा वाटण्याचे कारण नाही. परंतु फडके कोणते घ्यावे, किती घ्यावीत आणि पुसून झाल्यावर गाडी कशाने कोरडी करावी, याविषयी या सूचनांत एक अक्षरही नसते. माझ्या मते बादलीची सवय टिकणे न टिकणे या तपशिलावरच अवलंबून आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

गाडीच्या रंगावर पारदर्शक लेपाचा जो वरचा थर असतो, त्याची जाडी साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी असते. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते या लेपापेक्षा कठीण असतात. आपल्या सोसायट्यांमध्ये पहाटे गाड्या पुसायला येणारी माणसे एकच बादली आणि एकच सुती फडके घेऊन संपूर्ण रांग पुसतात. पहिल्या गाडीवरून उचललेली वाळू त्याच फडक्यात अडकून पुढच्या प्रत्येक गाडीवर घासली जाते. वर्षभराने उन्हात बॉनेटकडे पाहिले की गोलाकार बारीक ओरखडे दिसतात आणि मालक निष्कर्ष काढतो की कमी पाण्यात गाडी खराब होते, तेव्हा नळीच बरी. यात दोष पुसणाऱ्या माणसाचा नाही, कारण त्याला दुसरे साधन कोणी दिलेलेच नसते. आणि पाणी कमी होते हाही दोष नाही.

कमी पाण्यात गाडी स्वच्छ करण्यासाठी ‘रिन्सलेस वॉश’ या नावाने द्रावण मिळते. ते नेहमीच्या कार शाम्पूसारखे नसते. त्यातील पॉलिमर धुळीच्या कणांभोवती गुळगुळीत आवरण तयार करून त्यांना पृष्ठभागावरून अलगद सुटू देतात, आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुण्याची गरज राहत नाही. त्याला फेस फारसा येत नाही, म्हणून ते निरुपयोगी असल्याचा समज करून घेऊ नये. अनेक द्रावणे एका भागाला अडीचशेच्या आसपास भाग पाणी अशी मिसळली जातात, म्हणजे पाच लिटर पाण्याला सुमारे २० मिलिलिटर पुरते. बाटलीवर वेगळे प्रमाण दिले असेल तर तेच पाळावे. साधा शाम्पू मात्र अशा रीतीने वापरू नये, कारण तो पाण्याने धुऊन काढला नाही तर रंगावर त्याचे डाग राहतात.

द्रावण कितीही चांगले असले तरी कण उचलण्याचे काम शेवटी कापड करते. त्यासाठी सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे एका मोठ्या फडक्याऐवजी मायक्रोफायबरची, म्हणजे अतिशय बारीक कृत्रिम तंतूंची, साधारण ४० सेंटिमीटर चौरस आकाराची सात-आठ कापडे घेऊन ती सगळी एकदाच द्रावणाच्या बादलीत भिजवून ठेवणे. एक कापड हलके पिळून त्याची चौघडी घातली की उलटसुलट मिळून आठ स्वच्छ बाजू मिळतात. दरवाजा किंवा बॉनेटचा अर्धा भाग एका बाजूने, सरळ रेषेत, हाताचा भार न देता पुसावा, मग बाजू बदलावी, आणि आठही बाजू वापरून झालेले कापड पुन्हा बादलीत न बुडवता वेगळ्या टोपलीत टाकावे. या पद्धतीचा गाभा हाच आहे: एकदा मळलेले कापड बादलीत परत जात नाही, म्हणून बादलीतले पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहते. छतापासून सुरुवात करून खाली यावे, आणि चाकांच्या वरचा व दरवाज्यांच्या तळाचा सर्वांत मळका भाग शेवटच्या कापडासाठी ठेवावा.

बाजारात धुण्यासाठी म्हणून विकले जाणारे, शेवयांसारखे जाड धागे लोंबणारे हातमोजे भरपूर पाण्याच्या धुण्यात चांगले काम देतात. मात्र रिन्सलेस पद्धतीत ते जास्त पाणी पितात आणि वाळू धाग्यांच्या बुडाशी धरून ठेवतात, म्हणून मी ते सुचवणार नाही. खाचा असलेला मऊ स्पंज वापरायला सोपा असतो आणि जेमतेम धूळ बसलेल्या गाडीला पुरतो, पण तो पुन्हापुन्हा बादलीतच बुडवावा लागतो; तेव्हा तो झटकण्यासाठी साध्या पाण्याची दुसरी बादली हवी. कोरड्या गाडीवर पिसांची झटकणी किंवा पेट्रोल पंपाबाहेर मिळणारे पिवळे फडके फिरवणे तर सर्वांत घातक आहे. ओलाव्याशिवाय कणाला निसटायला काहीच आधार नसतो. म्हणून पुसण्याआधी तेच द्रावण साध्या फवारणीच्या बाटलीतून त्या भागावर मारून मिनिटभर थांबावे.

मायक्रोफायबर घेतानाही पारख हवी, कारण त्या नावाखाली वाटेल ते विकले जाते. चांगले कापड पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांच्या ८०:२० किंवा ७०:३० मिश्रणाचे असते व त्यातील तंतू उभे चिरलेले असतात, म्हणून ते ओलावा आणि धूळ दोन्ही धरते. तळहाताच्या खरखरीत त्वचेवरून फिरवले की असे कापड किंचित अडकते, आणि सांडलेल्या पाण्यावर ठेवले की पाणी पुढे न ढकलता शोषून घेते. मऊपणाची खात्री करायची असेल तर घरातल्या निकामी सीडीच्या चकचकीत बाजूवर ते घासून ओरखडे उठतात का, हे पाहावे. वजन चौरस मीटरला किती ग्रॅम, हे पाकिटावर ‘जीएसएम’ म्हणून छापलेले असते. पुसण्यासाठी ३०० ते ४०० पुरे होते. त्याहून जाड कापड पाण्याने जड होते आणि त्याची घडी हातात नीट बसत नाही. कडेची जाड शिवण आणि कंपनीचे लेबल रंगावर घासते, म्हणून बिनशिवणीच्या कडेचे कापड घ्यावे आणि लेबल पहिल्याच दिवशी कापून टाकावे.

कोरडे करण्याच्या कापडाविषयी लोक सर्वांत जास्त फसतात. प्लास्टिकच्या नळकांड्यात मिळणारे, ओले असताना कातड्यासारखे लागणारे पीव्हीए या कृत्रिम पदार्थाचे कापड पाणी झटपट ओढते. पण त्याला लव नसल्याने राहून गेलेला एखादा कण त्याच्याखाली दबतो आणि थेट रंगावर ओढला जातो. त्याऐवजी पीळ घातलेल्या धाग्यांच्या उभ्या फाशांचे (लूपचे), ५०० किंवा त्याहून अधिक जीएसएमचे मायक्रोफायबर टॉवेल घ्यावे. रिन्सलेस पद्धतीत गाडीवर पाण्याची पातळ फिल्मच उरते, त्यामुळे लहान गाडीसाठी ४० बाय ६० सेंटिमीटरचा टॉवेल पुरतो. ब्लँकेटएवढा भला मोठा टॉवेल घेतला तर त्याचे लोंबते टोक टायरला किंवा जमिनीला लागते, आणि जमिनीला लागलेला टॉवेल धुतल्याशिवाय रंगाला लावता येत नाही. अगदी कोरडा टॉवेल ओढताना अडतो, म्हणून त्यावर द्रावणाचे दोन-तीन फवारे मारून घ्यावेत. मग तो पसरून अलगद ओढावा किंवा नुसता टेकवून उचलावा. काचांसाठी चौकटी विणीचे कापड उत्तम, त्याने रेघा राहत नाहीत. बोअरवेलचे पाणी जड असेल तर त्यातील क्षार वाळून पांढरे ठिपके पडतात, म्हणून तिथे एकेक भाग पुसून लगेच कोरडा करण्याला विशेष महत्त्व आहे. हे सारे सावलीत आणि बॉनेट थंड असतानाच करावे.

ही कापडे टिकवणेही आपल्याच हाती आहे. ती सुती कपड्यांबरोबर धुतली तर त्यांना सुताचा केर चिकटतो. फॅब्रिक कंडिशनरने तंतूंवर थर बसून शोषकता जाते, तर ब्लीच व इस्त्री यांनी तंतूच खराब होतात. साध्या द्रव डिटर्जंटमध्ये वेगळी धुऊन, धूळ उडणार नाही अशा जागी सावलीत वाळवावीत. चाकांवर ब्रेकची लोखंडी धूळ असते, म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या रंगाची कापडे राखावीत. रंगासाठी जुनी झालेली कापडे पुढे दरवाज्यांच्या चौकटींना आणि शेवटी चाकांना वापरता येतात.

एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. पावसाळ्यात कोकणातून परतलेली, लाल चिखलाने माखलेली गाडी या पद्धतीने पुसू नये. तो चिखल आधी पाण्याच्या झोताने सोडवावाच लागतो, आणि तेवढे पाणी खर्च करणे योग्यच आहे. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या, नुसती धूळ बसलेल्या गाड्यांना मात्र वर्षातले बहुतेक दिवस पाच-सहा लिटर पाणी पुरते.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. आपण पुढील वेळी पाणीबचतीच्या सूचना छापाल तेव्हा ‘ओल्या फडक्याने पुसा’ एवढ्यावर न थांबता कापडांची संख्या, प्रकार आणि बादलीत मळके कापड परत न घालण्याचा नियम यांनाही जागा द्यावी. आणि सोसायट्यांच्या कार्यकारिणीने गाड्या पुसणाऱ्यांना प्रत्येक गाडीमागे स्वतंत्र कापडांचा संच व द्रावण पुरवावे, त्याचा खर्च गाडीमालकांकडून मासिक शुल्कात घ्यावा आणि वापरलेली कापडे धुण्यासाठी सोसायटीतच एक वॉशिंग मशीन ठेवावे. रोज पहाटे डझनावारी गाड्या पुसणाऱ्या माणसाने ही कापडे घरी नेऊन धुवावीत, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे