ओंडक्यांपासून सुरू होणारी तुलना

विश्रामबाग, सांगली

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि इंडोनेशिया व मलेशियाच्या प्लायवूड-बोर्ड निर्यातीचा तक्ता मिळाला. त्यामागचे कष्ट दिसतात, पण या धंद्यात उभा जन्म गेल्यामुळे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तू दोन्ही देशांच्या डॉलरमधल्या रकमा शेजारी मांडल्यास, मात्र ओंडके कच्चे बाहेर जाऊ द्यायचे की नाही, याचे धोरण तक्त्यात कुठेच आले नाही. माझ्या मते खरी तुलना तिथूनच सुरू होते.

हळद कच्ची विकायची की पूड करून, हा आपल्या पेठेतला जुना प्रश्न. इंडोनेशियाने लाकडाच्या बाबतीत त्याचे उत्तर एका फटक्यात दिले. 1985 पासून तिथे ओंडक्यांची निर्यात पूर्ण बंद झाली, आणि ज्या जपानी कारखान्यांना तिथून लाकूड जात असे त्यांच्याच बाजारात इंडोनेशियाचे तयार प्लायवूड उतरले. बॉब हसन या उद्योगपतींच्या हाती असलेली अ‍ॅपकिंडो ही उत्पादकांची संघटना कोणी किती माल कोणत्या भावाने पाठवायचा हे ठरवू लागली. काही वर्षांतच हा देश उष्णकटिबंधीय प्लायवूडचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार झाला. तुझ्या तक्त्यातली ती उंच चढण हीच. पण बंदीमुळे देशात ओंडका स्वस्त राहिला, गिरण्यांना काटकसरीची गरज वाटेना, आणि त्यांची भूक कायदेशीर तोडीच्या कितीतरी पुढे गेली. त्याची किंमत जंगलाने मोजली, याचे मला आजही वाईट वाटते. 1998 साली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींमुळे संघटनेची मक्तेदारी संपली आणि बंदीही उठली; 2001 साली बंदी पुन्हा आली, पण तोवर चीनचे स्वस्त प्लायवूड बाजारात शिरू लागले होते.

मलेशियात असा एकच हुकूम निघू शकत नव्हता, कारण तिथे जंगल हा राज्यांचा विषय आहे. मलाय द्वीपकल्पातून ओंडके जाणे 1985 साली थांबले, बोर्निओ बेटावरच्या दोन राज्यांपैकी साबाहने 1993 साली बंदी घातली, सारावाकने मात्र पूर्ण बंदी न घालता कोटा ठेवला. त्यामुळे एकाच देशातून जपानला ओंडकाही जात राहिला आणि सेंट्रिंगचे प्लायवूडही. तुझ्या तक्त्यातली मलेशियाची रेघ सौम्य आहे ती म्हणूनच. तिला मंदपणा समजू नकोस.

दुसरा फरक मालाच्या जातीचा आहे. चीक काढून पंचवीस-तीस वर्षांनी निकामी झालेली रबराची झाडे मलेशियाने एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड), पार्टिकल बोर्ड (लाकडाच्या कपच्यांचा बोर्ड) आणि फर्निचरकडे वळवली. वखारीत दोन्ही मालांची कड हातात घेऊन पाहिलीस तर फरक लगेच कळेल: प्लायवूडच्या कडेला आडवे-उभे थर मोजता येतात, म्हणजे त्याला सोलता येईल असा जाड, सरळ ओंडका लागतो, एमडीएफची कड सलग पिठासारखी असते, त्याला फांद्या आणि तुकडेही चालतात. जंगलातले जाड लाकूड संपत आले की पहिल्या मालाचा व्यापार आटतो, दुसऱ्याचा आटत नाही. या दोहोंची एकच बेरीज केलीस तर दोन्ही देशांची गोष्ट हरवते.

म्हणून माझी आग्रहाची विनंती अशी, की सीमाशुल्काच्या वर्गवारीतल्या 4410 (पार्टिकल बोर्ड), 4411 (एमडीएफसारखे तंतूंचे बोर्ड) आणि 4412 (प्लायवूड) या शीर्षकांचे स्तंभ वेगळे कर, शेजारी 4403 म्हणजे ओंडक्यांचा स्तंभ घाल, आणि डॉलरबरोबर घनमीटरही दे, कारण भाव पडलेल्या वर्षी माल तितकाच जाऊनही रक्कम घसरलेली दिसते. ही वर्गवारी 1988 पासूनची आहे. त्याआधीच्या वर्षांसाठी एफएओची (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची) 1961 पासूनची आकडेवारी वापर, पण दोन्ही मालिका एकाच रेघेत जोडू नकोस. सुधारलेला तक्ता साताऱ्याहून लवकर पाठव, मी ओळ न् ओळ पाहीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुरेश