कॅल्शियमसोबत सोडियम-पोटॅशियम लावणाऱ्या लॅबमधल्या दादांना

दादा, नमस्कार.

लातूर-उदगीर भागात कुत्र्यांवर उपचार करणाऱ्या आम्हा डॉक्टरांकडून हे पत्र. तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते.

मे महिन्यात गळून गेलेलं, उलट्या करणारं कुत्रं आलं की ऊन लागलं असंच सगळे धरून चालतात. क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं की किडनी, आणि कॅल्शियम १३ च्या वर गेलं की लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर. मालक तिथेच खचतो. तुम्ही मात्र कॅल्शियम जास्त दिसलं की न सांगता त्याच सिरमवर सोडियम-पोटॅशियम लावता, सोडियमला पोटॅशियमने भागता आणि त्या आकड्याला लाल पेनने गोल करता. तो २७ च्या खाली असला की अ‍ॅडिसनची शंका घ्यायलाच हवी, म्हणजे किडनीजवळच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं कमी पडण्याच्या आजाराची. अ‍ॅडिसनच्या साधारण तिनातल्या एका कुत्र्यात कॅल्शियम चढलेलं असतं. अंगातलं पाणी आणि कॉर्टिसॉल दोन्ही कमी पडल्यावर किडनी कॅल्शियम बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवते. सलाइन आणि स्टेरॉइड मिळालं की एक-दोन दिवसांत ते बहुधा उतरतं, वेगळं औषध लागत नाही.

नळ्यांबाबतचा तुमचा हट्टही रास्तच. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त लाल नळीत गेलं तर त्यातल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे पोटॅशियम खोटं चढतं आणि कॅल्शियम खोटं पडतं. दोन्ही चढलेले असतील तर नळीला दोष देता येत नाही.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यायच्या आधीच रक्त घ्या, हेही तुम्ही दर वेळी बजावता. ते तपासणीत कॉर्टिसॉल म्हणूनच मोजलं जातं. डेक्सामेथासोन हे दुसरं स्टेरॉइड तसं मोजलं जात नाही. कॉर्टिसॉल २ मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर अ‍ॅडिसन जवळपास बाद. खाली आलं तर एसीटीएच (कॉर्टिसॉल बनवायला लावणारं संप्रेरक) देऊन तासाभराने पुन्हा रक्त, आणि तेही २ च्या आत राहिलं तर निदान पक्कं.

आकडे कळवायला तुम्ही लगेच फोन करता, त्याची किंमत सर्वात जास्त कळते ती चढलेल्या पोटॅशियमने हृदयाचे ठोके मंदावलेले असताना. अशा वेळी हृदय सांभाळायला हात कॅल्शियम ग्लुकोनेटच्या इंजेक्शनकडे जातो. कॅल्शियम आधीच चढलंय हे वेळेवर कळलं की सलाइनसोबत इन्सुलिन-डेक्स्ट्रोजने काम भागवता येतं.

उपचार चालू असताना उतरलेलं सोडियम २४ तासांत १०-१२ पेक्षा जास्त चढलं तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून ते पुन्हापुन्हा बघावं लागतं. लॅब बंद करायच्या वेळी आलेला तो नमुनाही तुम्ही परत पाठवत नाही. त्यासाठी मनापासून धन्यवाद, दादा.

आपले,
लातूर-उदगीर भागातले पशुवैद्यक